नेपल्सचा दिएगो

२५ नोव्हेंबर २०२० रोजी रात्री दहाच्या सुमारास आमच्या कोल्हापुरातल्या जुन्या खेळगड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनच शब्द आले : ‘दिएगो गेला.’ अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू दिएगो मॅराडोना याचे आडनाव लिहिण्याची गरज कुणालाच वाटली नाही. विश्वचषकाच्या महिन्यात ज्या पेठांत एका गल्लीत अर्जेंटिनाचे आणि शेजारच्या गल्लीत ब्राझीलचे झेंडे लागतात, तिथे ते साहजिकच होते. १९८६च्या जूनमध्ये रात्री साडेअकराला सुरू झालेला इंग्लंडविरुद्धचा सामना शेजाऱ्यांच्या कृष्णधवल टीव्हीवर पाहिलेले आम्ही लोक. त्यातला हाताने केलेला गोल आणि त्यानंतर चारच मिनिटांनी निम्मे मैदान कापून केलेला दुसरा गोल यांवर आमचे वाद अजून मिटलेले नाहीत.

ब्युनोस आयर्समध्ये तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला, त्याच्या जुन्या क्लबने, बोका ज्युनियर्सने, आपल्या स्टेडियमचे सारे दिवे मालवून फक्त मॅराडोनाच्या बॉक्समधला दिवा तेवत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात ठेवलेल्या शवपेटीच्या दर्शनासाठी इतकी रीघ लागली की पोलिसांशी झटापटी होऊन दर्शन आवरते घ्यावे लागले. हे सारे अपेक्षितच होते. मला अधिक अस्वस्थ केले ते इटलीतल्या नेपल्स शहराने. तो तिथला नव्हता, तिथे जेमतेम सात वर्षे राहिला, १९९१ साली उत्तेजक चाचणीत कोकेन सापडून पंधरा महिन्यांची बंदी आल्यावर जवळजवळ तोंड लपवून निघून गेला. आणि तरीही त्या रात्री करोनाचे कडक निर्बंध असताना लोक सान पाओलो स्टेडियमच्या फाटकाशी जमले, गजांना गळपट्टे बांधले आणि खाली मेणबत्त्या लावल्या. दुसऱ्या दिवशी नापोलीचा, म्हणजे तो ज्या क्लबकडून खेळला त्या नेपल्सच्या क्लबचा, संघ रियेकाविरुद्धच्या सामन्यासाठी रिकाम्या स्टेडियममध्ये उतरला तेव्हा प्रत्येक खेळाडूच्या पाठीवर त्याचेच नाव आणि क्लबने कधीच निवृत्त केलेला १० क्रमांक होता.

हे प्रेम समजून घ्यायचे तर त्या शहराचा जुना सल समजून घ्यावा लागतो. इटलीच्या श्रीमंत उत्तरेतल्या स्टेडियमांत नेपल्सच्या लोकांना ‘कॉलरावाले’ म्हणून हिणवले जाई. १९७३च्या साथीची ती आठवण होती. शेजारच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीने यांना आगीने धुऊन काढावे, अशा घोषणाही दिल्या जात. ५ जुलै १९८४ रोजी मॅराडोनाचे स्वागत करायला सत्तर हजारांहून अधिक माणसे जमली ती या पार्श्वभूमीवर. १९८७ साली नापोलीने पहिल्यांदा इटालियन लीग जिंकली, तेव्हा तिथल्या स्मशानभूमीच्या भिंतीवर कुणीतरी लिहून ठेवले : ‘तुमचे काय हुकले, ते तुम्हाला ठाऊक नाही.’ मेलेल्यांना उद्देशून लिहिलेली इतकी मायाळू आणि इतकी खट्याळ ओळ मी तरी दुसरी वाचलेली नाही.

तिथे एक गोष्ट अजून सांगितली जाते, ती लीगच्या विजयाइतकीच मोलाची आहे. एका आजारी मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी निधी उभा करायचा होता, आणि क्लब नाखूष असतानाही मॅराडोना नेपल्सजवळच्या अचेरा गावात सामना खेळला. त्याचे चित्रीकरण उपलब्ध आहे : उभ्या मोटारींच्या मधल्या जागेत तो अंग मोकळे करतो, मग घोट्यापर्यंत चिखल असलेल्या मैदानात उतरतो आणि जणू विश्वचषकाचा अंतिम सामना असावा अशा ईर्ष्येने बचावपटूंना चकवत सुटतो. त्या चिखलात त्याच्या महागड्या पायाला काही झाले असते तर, हा विचार पाहणाऱ्याच्या मनात येतो. त्याच्या चेहऱ्यावर तो दिसत नाही.

तो सज्जन नव्हता, हे नेपल्सला जगापेक्षा अधिक ठाऊक आहे. कामोरा या तिथल्या गुन्हेगारी टोळीच्या माणसांबरोबरची त्याची छायाचित्रे तिथलीच, आणि ज्या मुलाला त्याने कित्येक वर्षे आपला मानले नाही, तो मुलगाही त्याच शहरात वाढला. त्याच्या मृत्यूनंतर स्पेनमध्ये एक महिला फुटबॉलपटू मौनाच्या वेळी पाठ फिरवून खाली बसली. स्त्रियांशी तो जसा वागला त्याचा तो निषेध होता, आणि मला तो रास्त वाटतो. आमच्या ग्रुपवर मात्र तिला नावे ठेवणारेच अधिक होते. मी प्रतिवाद केला, तेव्हा दोघांनी माझ्याशी बोलणे सोडले.

मृत्यूनंतर काही दिवसांतच सान पाओलोला मॅराडोनाचे नाव देण्यात आले. लोकांची रांग मात्र लागते ती स्पॅनिश क्वार्टर्स या तिथल्या वस्तीच्या चिंचोळ्या गल्ल्यांत, १९९० साली एका इमारतीच्या भिंतीवर रंगवलेल्या त्याच्या चित्रापाशी. मध्यंतरी त्या भिंतीला नेमकी त्याच्या चेहऱ्याच्या जागी खिडकी पाडली गेली. पुढे चित्राची डागडुजी झाली, तेव्हा चेहरा खिडकीच्या झडपेवर रंगवण्यात आला. आत राहणाऱ्याने वाऱ्यासाठी झडप उघडली की खाली ताटकळणाऱ्यांना दिएगोचे नुसते धड दिसते, आणि ती पुन्हा मिटेपर्यंत थांबावे लागते.