गोसीखुर्दच्या काठची ग्रॅव्हल राईड: आधी पाण्याची पातळी विचारा

नागपूरहून निघणाऱ्या या कच्च्या रस्त्यांवरच्या सायकल राईडमध्ये आंभोऱ्याच्या पुढचा टप्पा आयोजकांच्या माहितीपत्रकात ‘घट्ट मुरूम, चांगला वेग मिळेल’ असा लिहिला होता. ते वाचून कुणी ३५ मिलिमीटरचे टायर चढवत असेल तर थांबा. तिथे मुरूम नाही. तिथे काळी माती आहे, आणि डिसेंबरात जीपीएस फाईलमधली मार्गाची रेघ सरळ गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात उतरते.

इव्हेंट २०० किलोमीटरचा, पूर्ण सेल्फ-सपोर्टेड, म्हणजे सोबत मदतीची गाडी नाही. नागपूर, कुही, आंभोरा, तिथून धरणाच्या फुगवट्याच्या काठाकाठाने भिवापूर आणि उमरेडवरून परत. ब्रेव्हेला (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राईड) एवढ्या अंतरासाठी साडेतेरा तास मिळतात, इथे कच्च्या रस्त्यांमुळे अठरा दिले होते. आंभोऱ्यापर्यंत सगळं सोपं आहे: थंडी, तर्री-पोहे, संगमावरचा नवा पूल. त्यावर वेळ घालवत नाही.

घोटाळा असा आहे. धरणात गावं गेली, माणसं पुनर्वसित गावठाणांत आली, पण जुने गावरस्ते नकाशावर अजून तसेच दिसतात. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की ते उघडे पडतात, कडक होतात, आणि सायकल खरंच पळते. पावसाळ्यानंतर धरण भरलं की तेच रस्ते पाण्याखाली. आयोजकांनी रेकी, म्हणजे मार्गाची आधीची पाहणी, मे महिन्यात केली आणि राईड डिसेंबरात ठेवली. मला ही गोष्ट शेवटी कळली, पैसे भरताना कुणी सांगितली नाही. तुरीच्या धुऱ्यावर उभ्या असलेल्या एका काकांनी विचारलं, “कुठं चालले जी? पुढं पानीच हाय.” सायकल कॉम्प्युटर मात्र सरळ जा म्हणत होता.

मग पाणी टाळून शेतांच्या कडेने जावं लागतं, आणि ती जमीन आतून ओली असते. सहा किलोमीटरला दोन तासांहून जास्त लागले. विदर्भातली काळी माती ज्याने पाहिली आहे त्याला वेगळं सांगायला नको. चाकाचे दोन फेरे झाले की टायर आणि फोर्क यांच्यामधली जागा भरते आणि चाक जाम होतं. अशा वेळी पॅडल मारू नका, ढकलूही नका. जोर लावला की डिरेलर (गिअर बदलणारा भाग) ओढला जातो आणि त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर तुटतो. अमेरिकेतल्या अनबाऊंड या ग्रॅव्हल शर्यतीत २०२३ साली सुरुवातीच्याच चिखलात कित्येकांची राईड अशी संपली होती. सायकल खांद्यावर घ्या आणि गवत जिथे असेल तिथून चाला. माती ओली असतानाच काढा, वाळली की विटेसारखी बसते. लाकडी पट्टी किंवा जुनी झाऱ्याची दांडी फ्रेमबॅगेत ठेवा, बोटांनी होत नाही.

टायर ४० ते ४५ चे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे फ्रेममध्ये दोन्ही बाजूंनी बोटभर मोकळी जागा हवी. ४५ चा टायर घासून बसवलेली सायकल ३८ वाल्यापेक्षा आधी अडकते. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) टायर नसेल तर येऊच नका. पांदण रस्त्यांवर बाभळीचे काटे आणि सराटे आहेत, साध्या ट्यूबवर दहा किलोमीटरही निघणार नाहीत. छिद्र आपोआप बुजवणारं सीलंट ताजं भरा. जास्तीचा हँगर, तुटलेली चेन जोडायची क्विक लिंक आणि एक ट्यूब ठेवाच.

माती धुवायला पाणी मागितलं तर एका मोटारपंपवाल्याने दोन मिनिटांचे २०० रुपये घेतले. प्यायच्या पाण्याची बाटली पुढच्या टपरीवर ४० ला. काठावर रेंज नाही, यूपीआय चालत नाही, म्हणून हातात सुटे पैसे हवेत आणि भाव आधी ठरवून घ्यायला हवा. रेकी नीट झाली असती तर तिथे पाणी मागायची वेळच आली नसती, म्हणून माझा राग त्या पंपवाल्यापेक्षा आयोजकांवर जास्त आहे.

आणखी एक स्पष्ट बोलतो. त्या टप्प्यात काही जण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सायकली टाकून पुढे गेले आणि रात्री मेडल गळ्यात घालून फोटो काढले. सेल्फ-सपोर्टेडमध्ये दुकानातून घेणं चालतं, कारण ते सगळ्यांना सारखंच मिळतं. गाडीत बसून अंतर कापणं चालत नाही. ट्रॅक्टर घेतला असेल तर राईड सोडली म्हणून सांगा, त्यात कमीपणा नाही. त्या चिखलातून चालत निघालेल्यांवर हा अन्याय आहे.

या दोन तासांचा खरा फटका पुढे बसतो. गोठणगावकडचा भाग उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याला लागून आहे. तिथे वाघ आहेत, आणि रानडुकरं तर रस्त्यावरच येतात. सूर्य मावळायच्या आत हा पट्टा पार होत नसेल, तर आंभोऱ्यावरूनच मागे फिरा. एकट्याने तर मुळीच नाही. आम्ही चौघे जण दिवे लावून, मोठ्याने बोलत निघालो आणि भिवापूरच्या डांबरावर चाक लागलं तेव्हा इतका आनंद झाला की थकवा विसरून सरळ उमरेडपर्यंत जोरात मारली. ते करू नका. भिवापूरला जेवून घ्या, उशीर झाला की पुढे गरम काही मिळेलच असं नाही.

राईड सोडायची असेल तर भिवापूरलाच सोडा. नागभीडकडची जुनी नॅरोगेज २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली, त्या गाडीच्या जुन्या वेळा कुणी सांगितल्या तर विसंबू नका. एसटीत सायकल घेणं वाहकाच्या मर्जीवर आहे. उमरेडनंतर कोळशाचे ट्रक लागतात. धुळीत मागचा साधा लाल दिवा दिसत नाही, दोन दिवे लावा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट उमरेडच्या आधीच अंगावर चढवा.