चालता येतंय, पण पाय अजून बधिर आहेत

आज खालच्या काकू म्हणाल्या, अगं चालायला लागलीस की, झालीस बरी! त्यांना मनापासून आनंद झाला होता म्हणून मी पण हो म्हटलं. जीबीएसमध्ये (गुलियन-बारे सिंड्रोम, आपलीच प्रतिकारशक्ती नसांवर उलटते तो आजार) गेलेली ताकद खरंच बरीच आलीये, जिना चढते, ओट्याशी उभी राहते, पण तळपाय बधिरच आहेत. काल डाव्या पायातली चप्पल मागे राहिली आणि मी तशीच पुढे गेले, खाली बघितलं तेव्हा कळलं. दिवसा डोळे सांभाळून घेतात, रात्री लाईट गेले की पाय नेमका कुठे टेकलाय तेच समजत नाही, भिंत धरूनच जावं लागतं. डॉक्टर ट्युनिंग फोर्क (थरथरणारा धातूचा काटा) गुडघ्यावर ठेवतात तेव्हा थरथर जाणवते, घोट्यावर ठेवला की काहीच नाही.

पावसाळ्यात चिकनगुनिया झाला होता. ताप उतरला पण सांधे धरलेलेच, त्यामुळे पाय जड पडतायत ते त्याचंच असं घरी सगळे धरून चालले. पण सांधेदुखीत माणूस दुखतं म्हणून उठत नाही, इथे दुखणं कमी होत होतं आणि खाली बसलं की उठताच येईना, आधी तळव्यांना मुंग्या, मग पोटऱ्या, मग मांड्या आणि शेवटी हातातला कप निसटायला लागला. हा फरक प्रत्येक घरात माहीत पाहिजे असं मला फार वाटतं. गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय हललाच नाही, मणक्यातलं पाणी काढलं त्यात प्रोटीन वाढलेलं, पेशी नॉर्मल. जीबीएस.

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडला जीबीएसचे पेशंट वाढले तेव्हापासून हे नाव सगळ्यांना माहितीये, म्हणून मलाही दूषित पाण्यामुळे झालं का असंच विचारतात. तिथे कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू सापडला होता, पण झिका, चिकनगुनिया, कोविड यांच्यानंतरही हे होतं. जंतूवर उठलेली आपलीच प्रतिकारशक्ती नसांवरचं मायलिनचं आवरण खाते. पाच दिवस आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडीज, शिरेतून) चढवलं. सारखं एका श्वासात आकडे म्हणायला लावायचे, कारण छातीचे स्नायू ढिले पडले की व्हेंटिलेटर. मला नाही लागला, शेजारच्या बेडवरच्या मुलाला लागला, त्याच्या आईला मी अजून विसरले नाहीये.

आवरण परत चढतं, पण आतला धागाच गेला असेल तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, आणि तळपाय सगळ्यात लांब! म्हणून पट्ट्याची सँडल घेतलीये, पॅसेजमध्ये नाईट लॅम्प लावलाय, अंघोळीचं पाणी आधी कोपराने बघते. रात्री तळव्यांची आग होते त्याची गोळी वाढवायची का, ते पुढच्या व्हिजिटला विचारायचंय.