वासाची वही: पुणे ते कुरकुंभ

पुण्याहून कुरकुंभला जायचं म्हटलं की बहुतेकजण सोलापूर रोडला गाडी काढतात, पण मला दौंडची लोकल आवडते. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी करत गाडी हळूहळू उसात शिरते आणि पुणे कधी मागे पडलं ते कळतही नाही. कुरकुंभच्या केमिकल कंपन्यांचा वास ज्यांच्या घरात येतो त्या लोकांना भेटायला निघाले होते. सोबत दोन मैत्रिणी होत्या, एक वकिली करते, दुसरी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. शेजारच्या मावशींनी यवत येईपर्यंत आमची सगळी माहिती काढून घेतली. "कंपन्यांच्या वासासाठी चाललाय व्हय? जावा जावा, आमची लेक तिकडंच दिलीय," म्हणाल्या आणि केडगावला उतरून गेल्या.

दौंडला उतरून कुरकुंभ मोरीच्या गर्दीतून वाट काढली आणि पुढे वडापची जीप मिळाली. जुन्या माणसांना कुरकुंभ म्हटलं की फिरंगाई देवी आठवते, आपल्याला आठवते ती एमआयडीसी. इथे बऱ्याचशा कंपन्या केमिकलच्या आणि औषधांना लागणाऱ्या कच्च्या मालाच्या आहेत. म्हणजे शहरात आपण डोकं दुखलं की जी गोळी पटकन घेतो तिची सुरुवात अशाच कुठल्यातरी वसाहतीत होते, आणि तिच्या कुंपणाला लागून लोक राहतात, जनावरं बांधतात, बोअरचं पाणी उपसतात, हे मला तरी तिथे उभं राहिल्यावरच नीट जाणवलं.

आम्ही गेलो ती वस्ती एमआयडीसीला लागून आहे. नाव मुद्दाम देत नाहीये, कारण जवळपास प्रत्येक घरातलं कुणीतरी कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. आम्ही ओट्यावर बसलो, चहा आला, आणि पहिलंच वाक्य ऐकलं ते "आमचं नाव कुठं टाकू नका बरं का ताई, पोरगं कामाला हाय". यात भित्रेपणा काही नाही. शेतीला पाणी धड नाही, आणि महिन्याचा पगार येतो तो त्याच गेटमधून.

ज्यांच्यासाठी गेलो होतो त्या आक्का पन्नाशीच्या पुढच्या. त्यांनी आतून वही आणली. नातवाची उरलेली दोनशे पानी वही, त्यात पट्टीने आखलेले रकाने: तारीख, वेळ, वास कसा, वारा कुठून, कुणाला काय झालं. काही नोंदी मी फोटो काढून आणल्यात. "रात्री ११.४०. नासकी अंडी. वारा मावळतीकडून. बारकी उठून बसली, डोळे चोळत होती." "पहाटे ४. गोड वास, नखं रंगवायच्या बाटलीसारखा. डोकं जड." "संध्याकाळी ७. सडलेला कोबी. जेवण गेलं नाही." असं पानामागून पान. कुणी सांगितलं म्हणून नाही, तक्रार केली की माणूस येईस्तोवर वास निघून गेलेला असतो आणि मग आपणच खोटे पडतो, म्हणून त्यांनी लिहायला सुरुवात केली.

केमिस्ट्रीवाली मैत्रीण ती वही वाचताना एकदम गप्प झाली आणि मग एकेक ओळ धरून सांगायला लागली. नासक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा असू शकतो, सडक्या कोबीचा मरकॅप्टनचा, नेलपॉलिशसारखा असेल तर ॲसिटोन किंवा इथाइल ॲसिटेटसारखं सॉल्व्हंट, म्हणजे इतर रसायनं विरघळवायला वापरतात तो द्रव. नुसत्या वासावरून नक्की काही सांगता येत नाही, पण लॅबला कशाची तपासणी करायची हे सांगायला एवढं पुरेसं आहे. आणि हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण खूप वाढलं की नाकच बधिर होतं, वास यायचा थांबतो. म्हणजे वास गेला म्हणून गॅस गेला असं समजायचं नाही, हे तिने आक्कांना दोनदा सांगितलं.

सगळ्यांचं म्हणणं एकच होतं की रात्री सोडतात. असेलही. पण हिवाळ्यात रात्री थंड हवा जमिनीलगत बसून राहते, वर जात नाही, त्यामुळे दिवसा तेवढाच धूर निघत असला तरी रात्री तो घरात येतो, हेही खरं आहे. म्हणून तर वाऱ्याचा रकाना इतका मोलाचा आहे. तो नसता तर कुठलीही कंपनी म्हणाली असती, कशावरून आमच्याकडूनच?

मग मी त्यांना कडलूरची गोष्ट सांगितली. तमिळनाडूत कडलूरला सिपकॉट नावाची अशीच केमिकलची औद्योगिक वसाहत आहे, तिथल्या गावकऱ्यांनी २००४ च्या सुमारास वासाच्या अशाच नोंदी ठेवल्या आणि बादलीने हवेचे नमुने घेतले. खरोखरची बादली. झाकण बंद, आत टेडलार नावाच्या प्लास्टिकची पिशवी, पंपाने बादलीतली हवा ओढली की पिशवीत बाहेरची हवा भरते, आणि ती पिशवी लॅबला पाठवायची. ही युक्ती मूळची कॅलिफोर्नियातली, १९९५ ची, तिथे रिफायनरीशेजारच्या लोकांसाठी बनवलेली. कडलूरच्या नमुन्यांमुळे हवेत नेमकं काय आहे हा प्रश्न कागदावर आला. आक्का लगेच म्हणाल्या, "बादली तर हाय की आपल्याकडं." पिशवी आणि लॅबचा खर्च हाच मोठा भाग आहे.

दुपारी एक दादा आम्हाला त्यांच्या बोअरवर घेऊन गेले. पाणी बाटलीत धरलं तर पिवळसर. त्यांच्याकडे ऑनलाइन मागवलेला पेनसारखा टीडीएस मीटर होता आणि आकडा दोन हजारांच्या वर गेला. पिण्याच्या पाण्यासाठी ५०० पर्यंत ठीक, आणि दुसरा पर्यायच नसेल तर २००० ही शेवटची मर्यादा, असं भारतीय मानक सांगतं. पण इथे एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवायला हवी, टीडीएस मीटर फक्त क्षार दाखवतो, सॉल्व्हंट दाखवत नाही. शेजारच्या विहिरीचा आकडा कमी आला म्हणून ते दादा खूश झाले होते आणि मैत्रिणीला त्यांना थांबवावं लागलं. तिथलं पाणी तिने काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून बर्फात ठेवलं, कारण वर हवा राहिली तर उडून जाणारी रसायनं बाटलीतच सुटतात आणि मोजताना कमी भरतात.

जेवण एकाच्या घरी. बाजरीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, आणि पाणी विकतच्या जारचं, खास आमच्यासाठी आणलेलं. ते पिताना मला फार वाईट वाटलं.

जेवण झाल्यावर वकील मैत्रिणीने ओट्यावरच वर्ग घेतला. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, कंपनी वाढवताना आम्हाला कधी कुणी का नाही विचारलं? उत्तर ऐकून सगळेच चिडले. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत मंजूर औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट ठेवली आहे. म्हणजे ज्यांच्या दारात कंपन्यांची सगळ्यात जास्त दाटी, त्यांचंच मत घ्यायची सक्ती नाही. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी ते स्पष्टच लिहिते.

तरी हातात बरंच काही आहे. प्रत्येक कंपनीला प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं, ते मंडळाच्या वेबसाइटवर शोधता येतं, आणि त्यात कुठलं उत्पादन महिन्याला किती टन आणि सांडपाणी किती सीएमडी, म्हणजे दिवसाला किती घनमीटर, हे लिहिलेलं असतं. तिने एक प्रिंट काढून आणली होती, तर कंपनीत काम केलेला एक पोरगा तिच्यावर बोट ठेवून म्हणाला, "एवढंच? टँकर तर ह्याच्यापेक्षा जास्त भरत्यात." हे अजून सिद्ध व्हायचंय, पण आता काय तपासायचं ते तरी ठरलं. माहिती अधिकारात १० रुपयांत तपासणीचे अहवाल मागता येतात, कायद्यात नमुने मागायचीही तरतूद आहे. आणि पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ आपल्या पुण्यातच आहे, नुकसानभरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी १००० रुपये. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की लवाद स्वतःहूनही दखल घेऊ शकतो. फक्त मुदत सांभाळायची. वादाचं कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून सहा महिने, भरपाईसाठी पाच वर्षं. म्हणून तारखेचा रकाना कधीच मोकळा सोडू नका, असं ती परत परत सांगत होती.

परतीला हायवेवरून एसटी मिळाली. पाटसचा टोलनाका, मग वरवंड, जिथे तुकोबांची पालखी मुक्कामाला असते. मैत्रीण म्हणाली आषाढात इथून इतके लोक जातात, तेव्हा वहीतल्या चार ओळी त्यांच्यापर्यंत पोचवायला हव्यात. कल्पना मला पटली, आक्कांना विचारून ठरवू.

सध्या वहीची पानं स्कॅन करून आम्ही तक्ता बनवतोय आणि आसपासच्या आणखी काही घरांतून वह्या सुरू झाल्यात, त्या बायका रोज रात्री एकमेकींना फोन करून वास ताडून बघतात. पाण्याच्या बाटल्या लॅबला गेल्यात. हवेच्या नमुन्यांचं मात्र अडलंय. पुण्यात कुणाची जीसी-एमएस, म्हणजे नमुन्यातली रसायनं वेगळी करून ओळखणारं यंत्र, असलेल्या लॅबमध्ये ओळख असेल आणि कमी पैशात तपासणी होणार असेल तर सांगा, पिशव्यांचे पैसे आम्ही गोळा करतोय.