ई-इंक पॅनेल: तीन पट्ट्यांत फाटलेलं चित्र आणि हरवलेले २२ बाइट

मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की जावातल्या एचटीटीपीयूआरएलकनेक्शनला (वेब-विनंत्या पाठवणारा जुना क्लास) आता निरोप. ई-इंक पॅनेलचा (ई-रीडरसारखा कागदी दिसणारा पडदा) फक्त एक कोपरा बदलायला मला पॅच (थोडाच भाग बदलायची एचटीटीपी विनंती) हवा होता, आणि तिथे पॅच म्हटलं की प्रोटोकॉलएक्सेप्शन तोंडावर. म्हणून जावा ११ पासूनचा एचटीटीपीक्लायंट बसवला. जुनं पूर्ण चित्र पाठवून पाहिलं, तर ते फाटलं.

फाटलं म्हणजे नेमकं कसं, ते सांगतो. वरचा भाग थोडा उजवीकडे सरकलेला, १६४व्या ओळीच्या आसपास आणखी एक धक्का, ३२८च्या आसपास तिसरा. उजवीकडून बाहेर गेलेला तुकडा पुढच्या ओळीत डावीकडून डोकावतोय. तीन संध्याकाळी मी एसपीआयच्या (बोर्ड आणि पॅनेल जोडणाऱ्या) वायरींना शिव्या घालत होतो. वेग कमी केला, वायरी आखूड केल्या, पॅनेलच गेलं असं ठरवून नवीन मागवायच्या बेतात होतो.

शेवटी वैतागून पिक्सेल मोजले. सरक ४८, मग ११२, मग १७६. एका बाइटमध्ये आठ पिक्सेल, म्हणजे आधी ६ बाइट जास्तीचे, मग दोनदा ८-८. वायर खराब असती तर इतकं शिस्तीत बिघडलं नसतं!

नेटकॅट (नेटवर्कवरून आलेलं जसंच्या तसं दाखवणारं साधन) ऐकायला बसवलं, रिक्वेस्ट त्याच्यावर सोडली. बॉडीची (पाठवलेल्या डेटाची) लांबी सांगणारा कंटेंट-लेंग्थ हेडर गायब, त्याऐवजी ट्रान्सफर-एन्कोडिंग: चंक्ड, म्हणजे बॉडी तुकड्यांत आणि प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी. बॉडीच्या आधी एका ओळीत ‘४०००’. हेक्समधले (१६ च्या पायावरचे) ४००० म्हणजे १६३८४. पुढे परत ४०००, मग ३बी८०. बेरीज बरोब्बर ४८०००, म्हणजे ८०० बाय ४८० चं एक-बिट चित्र. माझ्या मायक्रोकंट्रोलरवरचा घरगुती सर्व्हर चंक वगैरे जाणत नाही. तो मुकाट ४८००० बाइट मोजतो, त्यात या आकड्यांच्या ओळीही (ओळ संपवणाऱ्या बाइटांसकट) चित्र म्हणून रंगवतो आणि चित्राचे शेवटचे २२ बाइट टाकून देतो. जुना क्लायंट सगळी बॉडी आधी साठवून लांबी स्वतःच लिहायचा, म्हणून हे कधी कळलंच नाही.

कारण माझंच: क्लायंटला बॉडी पुरवणाऱ्या बॉडीपब्लिशर्समधलं ऑफइनपुटस्ट्रीम वापरलं होतं. स्ट्रीमची लांबी क्लायंटला कुठून कळणार? मी हुशारी करून हेडरमध्ये कंटेंट-लेंग्थ घालायला गेलो, तर इललीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन: रिस्ट्रिक्टेड हेडर. जावा १२ पासून ती बंदी उठवायची सिस्टिम प्रॉपर्टी आहे, पण ती कुबडी मला नको होती. फ्रॉमपब्लिशरला तोच स्ट्रीमवाला पब्लिशर आणि ४८००० दिले, चित्र सरळ! मग लक्षात आलं की ४८ हजार बाइटांसाठी स्ट्रीमचा थाट कशाला? आता साधं ऑफबाइटअ‍ॅरे आहे.

नेटकॅटने आणखी दोन गोष्टी उघड्या पाडल्या. कंटेंट-टाइप दोनदा जात होता, कारण हेडर() जोडतं, बदलत नाही. बदलायचं तर सेटहेडर(). दुसरं, साध्या एचटीटीपीवरही क्लायंट अपग्रेड: एच२सी (एचटीटीपी/२ वर जाऊया का, अशी विचारणा) पाठवतो. माझ्या सर्व्हरला त्याचं काय! व्हर्जन १.१ वर बांधून टाकली. (असल्या कामात नेटकॅटसमोर डीबगर फिका पडतो, हे माझं मत आता पक्कं.)

आता पॅच. रिक्वेस्ट बनवणाऱ्या बिल्डरमध्ये त्याची वेगळी मेथड नाही, मेथड("पॅच", बॉडी) असं लिहावं लागतं. चौकोनाचे एक्स, वाय, रुंदी, उंची चार हेडरमधून पाठवायचे ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिता वाटलं, सर्व्हरवर हेडर वाचायचा कोड वाढवायचाच कशाला? जावा १६ पासून कॉनकॅट आहे, ते अनेक पब्लिशर एकामागे एक जोडतं. पुढे आठ बाइटांचा चौकोन, मागे पिक्सेल. दोन्हींची लांबी माहीत असली की बेरीजही तोच करतो, चंकचा प्रश्नच नाही. हेडरचा बेत रद्द.

लगेच करून पाहिलं. कोपरा काही बदलला नाही, पण बोर्डाच्या लॉगमध्ये एक्स ४०९६ आलाय. मी १६ पाठवला होता. बाइटबफर मुळात बिग-एंडियन (आकड्याचा मोठा बाइट आधी) लिहितो आणि माझा बोर्ड उलटा वाचतो. ऑर्डर बदलून पुन्हा लावतोय.