आमची वाटचाल: जुन्या मोनोपॉलीचे संच

आमचं मूळ काम पुस्तकबांधणीचं. बारा वर्षांपूर्वी एका संग्राहकाने मोनोपॉलीचा, म्हणजे जागा विकत घेऊन भाडं वसूल करण्याच्या खेळाचा, जुना पट आणला. मधली घडी फाटलेली, तिच्यावर चिकटपट्टीचे पिवळे डाग. पट म्हणजे पुठ्ठा, कागद आणि कापडी सांधा, म्हणजे आमच्याच हातातलं काम. तो जुळला तसे त्यांनी आणखी तीन आणले. पुढे आम्ही दोघी बहिणी स्वतःच जुने संच शोधून, दुरुस्त करून विकू लागलो.

सुरुवातीलाच मोठी चूक झाली. नियमांच्या कागदावर १९३६ छापलेलं पाहून आम्ही एक संच त्याच सालचा म्हणून विकला. ते साल स्वामित्वहक्काचं होतं, छपाई बरीच नंतरची. घेणाऱ्यानेच ते दाखवून दिलं. पैसे परत केले आणि सहा महिने खरेदी बंद ठेवून फक्त अभ्यास केला.

त्या अभ्यासात लिझी मॅगी भेटली. पार्कर ब्रदर्स या अमेरिकन खेळ-कंपनीने मोनोपॉली १९३५ मध्ये चार्ल्स डॅरोकडून घेतला, आणि तोच त्याचा जनक मानला गेला, हे माहीत होतं. पण जमीनमालक भाड्यावर कसे गबर होतात हे दाखवणारा ‘लँडलॉर्ड्स गेम’ हा तसाच खेळ मॅगीने आधीच रचला होता, १९०४ मध्ये त्याचं पेटंटही मिळवलं होतं. तिच्या १९२४ च्या दुसऱ्या पेटंटचा क्रमांक, १,५०९,३१२, सुरुवातीच्या मोनोपॉली संचांवर सापडतो. नाव डॅरोचं, क्रमांक तिचा! गिऱ्हाइकाला आम्ही आधी तो दाखवतो. डॅरोचं पेटंट, २,०२६,०८२, मंजूर झालं ३१ डिसेंबर १९३५ ला. तो क्रमांक छापलेला संच त्याआधीचा असूच शकत नाही.

माझा सगळ्यात जीव आहे तो वॉडिंग्टन्स या ब्रिटिश कंपनीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काढलेल्या संचांवर. सामानाची टंचाई, म्हणून धातूच्या सोंगट्यांऐवजी पुठ्ठ्याच्या, फाशांऐवजी फिरता काटा. असे संच ‘पूर्ण’ करण्यासाठी लोक त्यात नंतरच्या धातूच्या सोंगट्या घालतात, तेव्हा फार वाईट वाटतं. टंचाई हीच तर त्या संचाची ओळख.

म्हणून आम्ही दुरुस्ती फक्त कागदाची आणि पुठ्ठ्याची करतो, तीही पाण्याने सुटेल अशा खळीने. बाहेरून घातलेला प्रत्येक भाग यादीत लिहितो. सध्या टेबलावर असाच एक युद्धकाळातला संच आहे, एक सोंगटी कमी. त्याच छपाईची मिळाली तर घालू, नाहीतर यादीत ‘एक नाही’ लिहून तसाच देऊ.