रिफ्लेक्सॉलॉजीला जाण्याआधी तळपाय नीट बघून घ्या

रिफ्लेक्सॉलॉजी म्हणजे तळव्यावरचा एकेक बिंदू एकेका अवयवाशी जोडलेला आहे असं मानून तळवे दाबण्याची पद्धत. तिच्या खोलीत भिंतीवर पावलांचा रंगीत नकाशा असतोच. बोटांच्या टोकांवर डोकं, चवड्यावर छाती, मधल्या खळग्यात पोट-आतडी, टाचेवर कंबरेखालचा भाग. हा नकाशा प्राचीन नाही. शरीराचे दहा उभे पट्टे अमेरिकेतले कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झगेराल्ड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडले, आणि युनिस इंगम यांनी १९३०च्या दशकात ते तळपायांवर बसवले. तळव्यावरच्या अमुक बिंदूची तमुक अवयवाशी जोडणी आहे, असं अजून सिद्ध झालेलं नाही. पण पाऊण तास शांत पडून राहायचं आणि कुणीतरी तळवे संथपणे दाबायचे, याने अंग सैल पडतं. मी जाते ती एवढ्यासाठीच. म्हणून दाबताना चवडा दुखला आणि “फुप्फुसं कमजोर आहेत” असं कानावर आलं, तर घाबरू नका. दिवसभर उभं राहणं किंवा कडक तळाची चप्पल एवढं कारणही त्या दुखण्याला पुरतं.

आदल्या दिवशी तळपाय उजेडात धरून बघा. भेगांतून रक्त, चिखल्या, फोड, सुजलेलं नख असेल तर बरं होईपर्यंत थांबा. मधुमेह असेल तर मी जास्तच आग्रहाने सांगेन: तळव्यांना मुंग्या किंवा बधिरपणा असला तर दाब किती पडतोय ते कळतच नाही आणि इजा होऊनही पत्ता लागत नाही, त्यामुळे आधी डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्या. एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणं असेल तर पाय चोळायला कुणाच्या हाती देऊ नका. शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, गरोदरपण असेल, गाऊटचा (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याचा) ठणका असेल, पायाचं हाड नुकतंच मोडलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

जेवून निदान तासभर झालेला असावा. गुडघ्यापर्यंत सहज दुमडेल अशी सलवार किंवा पायजमा घाला. सुरुवातीला घोटे गोल फिरवून पाऊल सैल करतात, मग अंगठा सुरवंटासारखा वाकवत-सरकवत तळव्यावरून नेतात. तेल भरपूर लावलं तर हा अंगठा घसरतो, म्हणून पावडर किंवा थेंबभर क्रीम पुरे. दाबाचं माप दहापैकी पाच-सहा ठेवा. पाय आपोआप मागे ओढला जातोय, श्वास रोखला जातोय, म्हणजे दाब जास्त झाला. तिथेच “हळू” म्हणायचं. सोसलं की गुण येतो, हे खरं नाही, उलट सोसताना सगळं अंग ताठतं आणि आलो कशासाठी तेच राहून जातं. गुदगुल्या होत असतील तर स्पर्श फार हलका आहे. अख्खा तळहात टेकवून दाबायला सांगा.

पैसे घालवण्याआधी घरी एक करून बघता येतं. पायाची बोटं आत वळवली की चवड्याच्या लगेच खाली, मधोमध खळगा पडतो. नकाशात तिथे सोलर प्लेक्सस, म्हणजे पोटाच्या वरच्या भागातलं मज्जातंतूंचं जाळं, असतं. श्वास घेताना तिथे अंगठा टेकवून दाबा, सोडताना दाब सैल करा. दोन्ही पायांना पाच-पाच श्वास. एवढ्यानेही बरं वाटलं तर सत्राला जायला हरकत नाही.

काशाच्या वाटीने तळवे घासणं हा आपल्याकडचा वेगळा प्रकार. त्यात तळवे काळे पडतात ते “उष्णता निघाली” म्हणून नव्हे. काशातलं तांबं, तूप-तेल आणि घाम यांची ती क्रिया. झोप छान लागते, तेवढ्यासाठी वाटी जरूर फिरवा.

सत्र संपल्यावर पाच मिनिटं बसून राहा, तळवे कोरडे पुसा (फरशीवर घसरायला थेंबभर क्रीमही पुरतं), आणि गुंगी असेल तर स्कूटर लगेच काढू नका. आठवड्याला एक याप्रमाणे चार वेळा जा, रोजची झोप वहीत टिपा, फरक दिसला नाही तर पुढचं पॅकेज घेऊ नका. आणि दोन आठवडे झोप उडालेली, छातीत धडधड, कशातच मन लागत नाही असं असेल, तर तळव्यांवर वेळ न घालवता डॉक्टरांना भेटा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करूनही बोलता येतं.