पुरात बुडालेली नवी गाडी आणि ‘इंजिन तुम्हीच चालू केलं’ : क्लेमचा माझा अनुभव

१० मे २०२४ ला, अक्षय्य तृतीयेला, आम्ही गाडी घरी आणली. आमची पहिलीच नवीकोरी गाडी, याआधी सासऱ्यांची जुनी होती तीच दहा वर्षं ओढली. एक्स शोरूम १० लाख ६० हजार, त्यावर १२ टक्के रोड टॅक्स, इन्शुरन्स वगैरे धरून साडेबारा लाखाच्या घरात गेली, त्यातलं ८ लाख लोन. आणि २५ जुलैला पहाटे ती पाण्याखाली गेली. बरोबर ७६ दिवस.

आम्ही सिंहगड रोडला एकतानगरीत राहतो. त्या रात्री खडकवासल्यातून मुठेत किती पाणी सोडलं ते सगळ्या पुण्याला माहितीये. पहाटे साडेचारला खालून ओरडा ऐकू आला म्हणून उठलो तर लाईट गेलेली आणि पार्किंगमध्ये गुडघ्याच्या वर पाणी. नवरा किल्ली घेऊन जिन्यात धावला, गाडी काढतो म्हणाला, मी अक्षरशः शर्टाला धरून मागे ओढला त्याला, कारण गेटपाशी पाणी कमरेला लागलं होतं आणि गाडी काढून नेणार कुठे. तासाभरात नुसतं टप दिसत होतं. दुपारी बोटी आल्या, सासूबाईंना बोटीतून न्यावं लागलं. त्या दिवशी गाडीचं दुःख करायलाही वेळ नव्हता खरं तर.

पण दुपारी मोबाईलला नऊ टक्के चार्जिंग असताना मी एक काम केलं, इन्शुरन्स कंपनीच्या ॲपवरून क्लेम इंटिमेट केला (म्हणजे नुकसान झाल्याचं कळवलं), गॅलरीतून काढलेले दोन फोटो टाकले आणि क्लेम नंबर घेऊन ठेवला. पुढे याचा फार उपयोग झाला कारण तारीख आणि वेळ त्यांच्याच सिस्टीममध्ये पडली.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. सीटवर चिखल, डॅशबोर्डच्या वर पाण्याची रेघ, ग्लोव्ह बॉक्समध्ये पाणी तसंच. नवरा म्हणाला एकदा स्टार्टर मारून बघू. तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगमधले काका, त्यांची सगळी नोकरी गॅरेजमध्ये गेलीये, ते लांबूनच ओरडले, अजिबात हात लावू नको, किल्ली फिरवलीस की गेलं. त्यांनीच बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून दिली. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की पाणी दाबलं जात नाही, पिस्टन अडकतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, त्याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. हा शब्द तेव्हा मी पहिल्यांदा ऐकला, नंतरचे साडेसात महिने रोज ऐकला.

मी चारही बाजूंनी व्हिडिओ काढला, दारावरच्या चिखलाच्या रेघेला टेप लावून फोटो काढले. पंचनामे करायला लोक आले त्यांच्याकडून गाडीचा नंबर पंचनाम्यात लिहून घेतला, ते आधी घरातल्याच सामानाचं लिहीत होते.

२८ तारखेला फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मिळाला. वर्कशॉपमध्ये अशा पन्नासेक गाड्या रांगेत. जॉब कार्ड (गाडी दुरुस्तीला घेताना करतात तो कागद) करताना मी सर्व्हिस ॲडव्हायजरला म्हटलं, यावर लिहा की गाडी बंद अवस्थेत फ्लॅटबेडवर आली, बॅटरी काढलेली आहे, इंजिन क्रँक केलेलं (स्टार्टरने फिरवलेलं) नाही. तो म्हणाला मॅडम असं आम्ही लिहीत नाही. मी म्हटलं बॅटरी काढलेली तुम्हाला दिसतीये ना, मग जे दिसतंय ते लिहा. मागे रांग होती, लोक वैतागत होते, पण मी काउंटरवरून हलले नाही. शेवटी लिहिलं.

आता पॉलिसी काय होती ते सांगते कारण सगळं भांडण त्यातच आहे. झीरो डेप होतं, म्हणजे बदललेल्या पार्टचे पैसे घसारा न कापता मिळतात. ते नसतं तर नवी गाडी असूनही प्लास्टिक, रबर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात. रिटर्न टू इनव्हॉइस होतं (गाडी पूर्ण गेली तर बिलावरची मूळ किंमत मिळते), ते माझ्या दादाने हट्टाने घ्यायला लावलं होतं. इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाण्याने इंजिन बिघडलं तर त्याचं वेगळं कव्हर, ते नव्हतं. शोरूममधला मुलगा म्हणाला होता पुण्यात कुठे पाणी भरतं ताई, आणि आम्ही दीड-दोन हजार वाचवले. आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) १० लाख ७ हजार, म्हणजे एक्स शोरूममधून ५ टक्के वजा, पहिल्या सहा महिन्यांना तसंच असतं.

सर्व्हेअर (इन्शुरन्सतर्फे नुकसान तपासणारा माणूस) १ ऑगस्टला आला, पंधरा मिनिटं होता, बॉनेट उघडून फोटो काढले आणि गेला. वर्कशॉपचं एस्टिमेट आलं ९ लाख १२ हजार. त्यात वायरिंग हार्नेस, सगळे कंट्रोल मॉड्यूल, एअरबॅग, सीट, कार्पेट आणि इंजिन असेंब्लीचे २ लाख ३५ हजार. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात, त्याला सीटीएल, कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस, म्हणतात. माझ्या गाडीचे ७५ टक्के म्हणजे ७ लाख ५५ हजार २५०. आणि टोटल लॉस झाला तरच रिटर्न टू इनव्हॉइस लागू होतं, नाहीतर त्याचा प्रीमियम पाण्यात. मला वाटलं सरळ केस आहे.

१९ ऑगस्टला सर्व्हेअरचा फोन, मॅडम तुमचं इंजिन पास होत नाही, हायड्रोस्टॅटिक लॉक आहे, इंजिन प्रोटेक्ट नाही तुमच्याकडे. सीट आणि कार्पेट ड्रायक्लीन होतील म्हणून ते पण कापले. ६ लाख ३१ हजार मंजूर, वरचे २ लाख ८१ हजार तुम्ही भरा आणि गाडी दुरुस्त करून घ्या. एजंटचा लगेच फोन, घेऊन टाका ताई, नाहीतर वर्ष जाईल. तिकडे १६ हजार ६०७ चा हप्ता दर महिन्याला कटतोय, नवरा रिक्षाने ऑफिसला जातोय, खरं सांगते त्या रात्री आम्ही घेऊन टाकायचं जवळजवळ ठरवलंच होतं.

मग मी कागदावर आकडे मांडले. ६ लाख ३१ हजारात इंजिनचे २ लाख ३५ हजार मिळवले की ८ लाख ६६ हजार होतात. म्हणजे त्यांचीच सगळी कापाकापी मान्य केली तरी फक्त इंजिन धरलं की गाडी टोटल लॉस. सगळं त्या एका इंजिनवर अडलं होतं आणि इंजिन एका वाक्यावर अडलं होतं, की ते आम्ही चालू केलं. पूर हा पॉलिसीत कव्हर आहे, स्पष्ट लिहिलेलं आहे. उभ्या गाडीत पुराचं पाणी शिरून इंजिन खराब झालं तर ते पुराचंच नुकसान. पाणी शिरल्यावर मालकाने इंजिन फिरवलं आणि त्यामुळे मोडलं तर ते म्हणतात हा नंतर ओढवून घेतलेला तोटा, तो आम्ही देत नाही. या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि फोनवर हा फरक कोणी सांगत नाही.

मी मेल केला, इंजिन का नाकारलं ते लेखी द्या आणि सर्व्हे रिपोर्टची कॉपी द्या. रिपोर्टची कॉपी मागायचा आपल्याला हक्क आहे. दोनदा सांगितलं इंटर्नल डॉक्युमेंट आहे, तिसऱ्या मेलला ३ सप्टेंबरला आला. त्यात एक ओळ होती, विमाधारकाने पाणी शिरल्यानंतर इंजिन बहुधा चालू करण्याचा प्रयत्न केलेला दिसतो. बहुधा! मला इतका संताप आला की हात थरथरत होते. आम्ही बोटीतून म्हातारं माणूस बाहेर काढत होतो आणि हा माणूस पंधरा मिनिटं बॉनेट बघून आमच्या नावावर खोटं लिहितो.

त्यानंतर मी फक्त त्या ‘बहुधा’च्या मागे लागले. जॉब कार्डवरची ओळ होतीच. वर्कशॉपकडून इंजिन उघडल्याची नोंद आणि फोटो मागितले, त्यात चारही कनेक्टिंग रॉड सरळ होते, सिलिंडरमध्ये गाळ आणि गंज, ऑइल चहासारखं. इंजिन पाण्यात फिरवलं असतं तर एखादा तरी रॉड वाकलेला दिसला असता, हे वर्कशॉपच्या टेक्निकल माणसाने सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं (चांगला माणूस, त्याला काही गरज नव्हती). आणि तिसरी गोष्ट दादाला सुचली, गाडीचं कनेक्टेड ॲप. त्यात प्रत्येक वेळी इग्निशन चालू-बंद झाल्याची नोंद असते. शेवटची नोंद २४ जुलै, रात्री ८ वाजून ४७ मिनिटं, इग्निशन बंद. त्यानंतर काही नाही. स्क्रीनशॉट घेतलाच पण गाडीच्या कंपनीकडून तोच लॉग मेलवर मागवला, अकरा दिवस लागले.

लॉग आल्यावर हे सगळं जोडून इन्शुरन्स कंपनीच्या ग्रिव्हन्स ऑफिसरकडे तक्रार. उत्तर आलं, तेच जुनं, लॉगबद्दल एक शब्द नाही. मग आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) बीमा भरोसा पोर्टलवर टाकली. तिथून तक्रार परत कंपनीकडेच जाते, पण नंबर पडतो आणि कंपनीला उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं, आधीचंच कॉपी-पेस्ट.

ऑक्टोबरच्या शेवटी बीमा लोकपालकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करतात त्यांच्याकडे, गेले. पुण्याचं ऑफिस नारायण पेठेत केळकर रोडला आहे. फी नाही, वकील लागत नाही, उलट चालतच नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार घेतात, आणि कंपनीने नाकारल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे, ती नाकारलेली तरी हवी किंवा महिनाभर उत्तर नसलेलं तरी. अर्ज मी स्वतः लिहिला, तीन पानं. पहिला ड्राफ्ट अकरा पानी होता, त्यात पूर, सासूबाई, हप्ते, सगळं होतं. दादा म्हणाला हे त्यांना नको, त्यांना तारीख आणि कागद हवा. मग प्रत्येक वाक्यापुढे कागदाचा नंबर टाकला.

जानेवारीत सुनावणीची नोटीस आली आणि काय आश्चर्य, चार दिवसांत कंपनीचा फोन. मॅडम आपण ८ लाख २० हजारात कॅश लॉसवर (दुरुस्ती न करता रोख रक्कम घेऊन) मिटवू, गाडी तुम्हीच ठेवा. सहा लाखावरून आठवर एका फोनमध्ये. नवरा घे म्हणत होता, त्याचंही चूक नव्हतं. पण गाडी ठेवा म्हणजे पाच महिने गंज खाल्लेली गाडी विकायची डोकेदुखी आमची, आणि रिटर्न टू इनव्हॉइसचं नाव नाही. मी म्हटलं मेलवर पाठवा, विचार करते. मेल आला नाही.

सुनावणी व्हिडिओवर झाली, जेमतेम वीस मिनिटं. मला बोलायला सांगितलं तेव्हा घसा कोरडा पडला होता, मी तीनच गोष्टी दाखवल्या, जॉब कार्ड, रॉडचे फोटो, इग्निशन लॉग. मग कंपनीच्या माणसाला विचारलं गेलं की इंजिन चालू केल्याचा तुमच्याकडे पुरावा काय. तो म्हणाला सर्व्हेअरचं मत आहे. मताला आधार काय, तर त्याच्याकडे काही नव्हतं.

निकाल फेब्रुवारीत आला, टोटल लॉस धरून रिटर्न टू इनव्हॉइससकट द्या. माझ्या पॉलिसीत इनव्हॉइसबरोबर रोड टॅक्सही होता, सगळ्यांच्या पॉलिसीत नसतो, आपापलं ॲड-ऑनचं (जादा घेतलेल्या कव्हरचं) वर्डिंग वाचा. १० लाख ६० हजार अधिक १ लाख २७ हजार २००, त्यातून कंपल्सरी डिडक्टिबल (क्लेममधली आपणच सोसायची रक्कम) १ हजार वजा, ११ लाख ८६ हजार २००. निकालानंतर कंपनीला ३० दिवस असतात, त्यांनी अठ्ठाविसाव्या दिवशी भरले. पैसे आधी बँकेकडे गेले, जवळपास ६ लाख ९० हजार लोन बाकी होतं, ते फिटून उरलेले आमच्या खात्यात आले. दहा हप्ते भरले त्या गाडीचे आम्ही, चालवली अडीच महिने.

किल्ल्या द्यायला वर्कशॉपला गेले तर गाडीच्या काचेवर अजून शोरूमची तात्पुरती चिठ्ठी होती, चिखलात अर्धी गेलेली. दोन्ही किल्ल्या, आरसी, सह्या केलेले ट्रान्सफरचे फॉर्म दिले आणि मिळाल्याची पोच घेतली.

एक राहिलंय. फ्लॅटबेडवाल्याने त्या आठवड्यात साडेचार हजार घेतले होते, पॉलिसीत टोइंगला १ हजार ५०० चीच मर्यादा आहे त्यामुळे ते मान्य. पण इंजिन उघडण्याचे १४ हजार वर्कशॉपने माझ्याकडून घेतले, ते सर्व्हेअरनेच उघडायला सांगितलं होतं आणि तसा त्याचा मेसेज माझ्याकडे आहे. त्याचा मेल परवा ग्रिव्हन्स ऑफिसरला गेलाय, मेसेजचा स्क्रीनशॉट आणि पावती जोडून.